शेवटच्या पॅचआधीचे आठ आठवडे

हे प्रकरण चौघांनी मिळून खेळायच्या एका गेमचं आहे. गेम, स्टुडिओ आणि माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही बारकावेही बदलले आहेत. मी त्या गेमचा जुना खेळाडू. सपोर्ट संपणार असं कळल्यापासून शेवटचा पॅच (गेममधल्या दुरुस्त्या आणि बदल आणणारा अपडेट) येईपर्यंत आम्ही सहा जणांनी इतर खेळाडूंचे अभिप्राय गोळा केले, गाळले, नीट लिहून काढले आणि स्टुडिओकडे पाठवले. त्यातलं काय साधलं, काय हातचं गेलं आणि कुठल्या वळणावर आम्ही काय ठरवलं, ते मांडतो. अशी वेळ प्रत्येक गेमवर कधीतरी येते आणि तेव्हा हाताशी फार थोडे दिवस असतात.

पार्श्वभूमी

स्टुडिओ मध्यम आकाराचा. चार खेळाडूंनी चार क्लास, म्हणजे वेगवेगळ्या कौशल्यांची पात्रं, घ्यायचे, मोहिमेवर जायचं, जिवंत परत यायचं, असा गेम. बाजारात आल्यावर अडीच वर्षं अपडेट येत राहिले: नवे नकाशे, नवे शत्रू, दर काही महिन्यांनी एक सीझन. खेळणारे कधीच फार नव्हते, पण होते ते टिकून होते. लॉबीत, म्हणजे मोहिमेआधी खेळाडू जमतात तिथे, शिरलं की निम्मी नावं ओळखीची निघायची.

मग घोषणा आली. अजून एक पॅच, साधारण आठ आठवड्यांनी. त्यानंतर नवं काही नाही. टीममधली बहुतेक माणसं दुसऱ्या प्रकल्पावर गेली आहेत. सर्व्हर ‘सध्या’ चालू राहतील. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: शेवटच्या पॅचमध्ये काय असावं याबद्दल तुमचं मत कळवा.

ती शेवटची ओळ बऱ्याच जणांनी वाचलीच नाही, कारण पहिल्याच ओळीला डोकी तापली होती. आदल्या वर्षी जाहीर केलेल्या आराखड्यात पाचव्या क्लासचं आश्वासन होतं, त्याच्या भरवशावर लोकांनी सीझन पास घेतला होता, म्हणजे पुढे येणाऱ्या गोष्टींचे पैसे आधीच भरले होते. तो क्लास आता येणार नव्हता. वर हा सीझन पास घोषणेनंतरही विक्रीला होताच.

पुढचं समजायला गेमची रचना थोडी माहीत हवी. मोहीम होस्टच्या, म्हणजे ती सुरू करणाऱ्या खेळाडूच्या, मशीनवर चालायची, बाकीचे तिघं त्याला जोडले जायचे. स्टुडिओच्या सर्व्हरकडे तीन कामं होती: अनोळखी खेळाडूंच्या जोड्या जमवणं, दर आठवड्याची आव्हानं पाठवणं आणि कोणाकडे कुठला पोशाख आहे याची नोंद ठेवणं. म्हणजे गेमचा गाभा आमच्याच मशीनवर होता. हे आम्हाला सुरुवातीला धड माहीत नव्हतं, आणि त्यात वेळ गेला.

अडचण

एरवी अभिप्राय देताना एक गोष्ट गृहीत असते, की पुढचा पॅच येणारच आहे. एखादं शस्त्र जास्त ताकदवान झालं तर महिनाभराने त्याला कात्री लागेल. एखाद्या दुरुस्तीतून नवा बग निघाला तर तोही निघेल. डेव्हलपरही याच हिशेबाने प्रयोग करतात. शेवटच्या पॅचला हा हिशेब लागू होत नाही. त्यात जे बरोबर झालं ते कायमचं आणि जे चुकलं तेही कायमचं.

आम्ही कम्युनिटी मॅनेजरना सरळ विचारलं, मागे किती माणसं उरली आहेत? त्यांनी सरळ उत्तर दिलं, याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो. दोन प्रोग्रामर, एक डिझायनर आणि इतर प्रकल्पांबरोबर वाटून घेतलेले टेस्टर. चित्रकार नाही, आवाज द्यायला कलाकार नाहीत. शिवाय कन्सोलवरचा पॅच प्लॅटफॉर्मवाल्या कंपनीच्या तपासणीतून जातो, त्यामुळे आठ आठवड्यांतले शेवटचे काही आठवडे प्रत्यक्ष कामासाठी नव्हतेच.

एका बाजूला अडीच वर्षांच्या तुंबलेल्या तक्रारी आणि दुसऱ्या बाजूला तीन माणसांचे काही आठवडे.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता विरोधाचा. सगळ्यांनी मिळून वाईट रिव्ह्यू द्यायचे आणि निर्णय फिरवायला लावायचं. याचं अलीकडचं उदाहरण आमच्यातल्या बऱ्याच जणांनी जवळून पाहिलेलं होतं. ‘टोटल वॉर: थ्री किंगडम्स’चं काम थांबवत असल्याचं मे २०२१ मध्ये जाहीर झालं तेव्हा खेळाडूंनी रिव्ह्यूंचा मारा केला. राग पोचला, पण काम पुन्हा सुरू झालं नाही.

दुसरा पर्याय, स्टुडिओचा नाद सोडून गेम स्वतःच सांभाळायचा. ‘इम्परेटर: रोम’चं काम २०२१ मध्ये थांबलं, तेव्हा खेळाडूंनी ‘इन्व्हिक्टस’ नावाचा मॉड, म्हणजे खेळाडूंनीच गेममध्ये केलेल्या बदलांचा संच, उभा केला आणि गेम जिवंत ठेवला. मला हा मार्ग मनापासून आवडतो. पण त्या गेमच्या फाइली मॉड करण्यासाठी खुल्या होत्या आणि आमच्या गेमच्या बंदिस्त होत्या. कन्सोलवर तर तो प्रश्नच नव्हता.

तिसरा पर्याय, शेवटच्या पॅचमध्ये जे बसेल ते बसवून घ्यायचं.

यावर तीन रात्री वाद झाला. आमच्यातला एक म्हणाला, “पैसे घेतले, कबूल केलेला क्लास दिला नाही, आणि आता त्यांची टेस्टिंगही आपणच करून द्यायची?” त्याचं म्हणणं चूक नव्हतं, आजही मला ते चूक वाटत नाही. वाद मिटला तो दुसऱ्या एकीच्या बोलण्याने. ती म्हणाली, “मी त्यांच्यासाठी काही करत नाहीये. पुढच्या वर्षी हा गेम मीच खेळणार आहे. तो कसा असेल ते ठरवायची ही शेवटची संधी आहे.”

मग आम्ही दोन कागद वेगळे करायचं ठरवलं. सीझन पासची तक्रार एका पानावर, स्वतंत्र. आश्वासन केव्हा दिलं, विक्री कधीपर्यंत चालू होती, मागणी काय आहे, एवढंच, विशेषणं नाहीत. ते पान ज्याला सर्वात जास्त राग होता त्यानेच लिहिलं, आणि अख्ख्या कामातलं सर्वात नेमकं लिखाण तेच झालं. दुरुस्त्यांच्या यादीत या तक्रारीचा उल्लेखही करायचा नाही. दुरुस्त्या वाचणार होता प्रोग्रामर. सीझन पासचा निर्णय त्याच्या हातात नव्हता.

पहिला आठवडा: चुकीचा प्रश्न

इथे आमची पहिली मोठी चूक झाली. आम्ही खेळाडूंना विचारलं, “शेवटच्या पॅचमध्ये तुम्हाला काय हवं?”

उत्तरं धो धो आली. नवा नकाशा. पाचवा क्लास, निदान अर्धा तरी. वेगळ्या मशीनवरच्या मित्रांशी खेळायची सोय. नवा खलनायक. वाचताना वाईट वाटत होतं, कारण लोकांनी जीव ओतून लिहिलं होतं आणि त्यातलं जवळपास काहीच तीन माणसांच्या आवाक्यातलं नव्हतं. दोष त्यांचा नव्हता. ‘काय हवं’ विचारलं की माणूस मनातलंच सांगणार.

एक आठवडा त्यात गेला. मग प्रश्न बदलला: “पुढची पाच वर्षं हा गेम आज आहे तसाच राहिला, तर कोणती गोष्ट तुम्हाला दर वेळी खुपेल?”

या प्रश्नाने उत्तरांची जातच बदलली. लोक स्वप्नं सोडून रोजच्या काट्यांबद्दल बोलायला लागले. मोहीम अर्धी झाल्यावर सेव्ह (साठवलेली प्रगती) उडतं. हिवाळी सीझनचं धनुष्य मला मिळालं नाही, आता ते कधीच मिळणार नाही. सबटायटलं वाचता येत नाहीत. हीलर (साथीदारांना बरं करणारा क्लास) कोणी घेतच नाही, कारण मागच्या पॅचमध्ये त्याला पार मोडून टाकलंय.

याच उत्तरांमध्ये एक छोटा संदेश होता. त्या खेळाडूला लाल आणि हिरव्या रंगांतला फरक दिसत नव्हता. शत्रूने टाकलेलं विषाचं वर्तुळ आणि आपल्या हीलरने टाकलेलं औषधाचं वर्तुळ त्याला एकसारखंच दिसायचं. त्याने लिहिलं होतं, “हे मी आधी तीनदा कळवलंय, म्हणून आता लिहू की नको असं झालं होतं. मी मित्रांना विचारून विचारून पाय टाकतो.” युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये लाल-हिरव्या रंगांची ही अडचण साधारण १२ पैकी एकाला असते. म्हणजे आमच्या खेळाडूंमध्ये तो एकटा असणं शक्यच नव्हतं. बाकीचे न बोलता गेम सोडून गेले असावेत.

तक्रारीचा अहवाल करणं

सेव्ह उडण्याचा बग सर्वांना माहीत होता आणि कोणालाच धड सांगता येत नव्हता. “सेव्ह गायब होतात, दोन वर्षं झाली, काहीतरी करा,” अशा ओळी डझनांनी होत्या. डेव्हलपरने या ओळीचं करायचं काय? त्याच्या मशीनवर तर सेव्ह उडत नाही.

आमच्यापैकी दोघांनी सगळ्या तक्रारी शेजारी शेजारी मांडल्या आणि एक समान धागा शोधला: सेव्ह उडालेले जवळजवळ सगळे त्या वेळी होस्ट नव्हते. मग चौघं मुद्दाम बसले. दुसऱ्या टप्प्यातून तिसऱ्यात जाताना लोडिंग स्क्रीन असताना होस्टने गेम बंद करायचा. पहिल्या प्रयत्नात काही झालं नाही. दुसऱ्यात तिघांपैकी दोघांची मोहीम कोरी झाली. संध्याकाळभर तेच करून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की होस्ट लोडिंगच्या सुरुवातीला बाहेर पडला तर काही होत नाही, शेवटी शेवटी पडला तर हमखास उडतं.

स्टुडिओकडे गेलेला अहवाल असा होता: कुठली बिल्ड (गेमची नेमकी आवृत्ती), कुठल्या मशीनवर, कुठल्या टप्प्यावर, कोणी काय करायचं ते क्रमाने, काय व्हायला हवं होतं, काय झालं, किती प्रयत्नांत किती वेळा. सोबत उडालेल्या आणि शाबूत अशा दोन्ही सेव्ह फाइली. रागाचा एकही शब्द नाही. खरं तर एकीची चाळीस तासांची मोहीम या बगने खाल्ली होती आणि अहवाल तिनेच लिहिला होता.

दोन दिवसांत उत्तर आलं. सेव्ह फाइल लिहिली जात असतानाच होस्टशी संपर्क तुटायचा आणि अर्धवट लिहिलेली फाइल जुनीच्या जागी बसायची. उपाय जुना आणि खात्रीचा: आधी तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहायचं, मग नाव बदलायचं, आणि मागची एक प्रत जपून ठेवायची. प्रोग्रामरने लिहिलं होतं, की हा बग त्यांच्या यादीत पहिल्या महिन्यापासून होता, पण तो नेमका कसा घडवायचा हे त्यांना कधीच सापडलं नव्हतं.

इंटरनेट बंद करून केलेली तपासणी

‘सर्व्हर सध्या चालू राहतील’ यातला ‘सध्या’ आम्हाला टोचत होता. विचारल्यावर कळलं, किमान वर्षभर, पुढचं सांगता येत नाही.

याचे दाखले समोर होते. ‘द क्रू’ हा रेसिंगचा गेम २०१४ मध्ये आला आणि ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले. एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागत असल्याने विकत घेतलेला अख्खा गेम निकामी झाला, आणि त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. उलट बाजूचे दाखलेही होते. ‘नॉकआउट सिटी’चे सर्व्हर जून २०२३ मध्ये बंद करताना त्याच्या स्टुडिओने खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती दिली. ‘रेडफॉल’च्या शेवटच्या अपडेटमध्ये, मे २०२४ मध्ये, ऑफलाइन मोड आला.

आमच्यातल्या काहींना ‘पूर्ण ऑफलाइन मोड द्या’ एवढं एक वाक्य लिहून पाठवायचं होतं. मला ते पटत नव्हतं, कारण ‘पूर्ण’ म्हणजे काय हे आम्हालाच माहीत नव्हतं. म्हणून एका खेळाडूने दोन दिवस एकच काम केलं. इंटरनेट बंद केलं आणि गेममधलं प्रत्येक बटण दाबून काय चालतं, काय अडतं याची नोंद केली. निघालं ते असं: एकट्याची मोहीम सुरू होते, पण आठवड्याचं आव्हान नसल्यामुळे सर्वात कठीण पातळी उघडत नाही. पोशाखांचं कपाट रिकामं दिसतं. आणि घरातल्या घरात, एकाच नेटवर्कवर असलेल्या मित्रालाही बोलावता येत नाही, कारण आमंत्रण सर्व्हरवरून फिरून येतं.

या तीन ओळींमुळे मागणी एकदम लहान झाली. ‘ऑफलाइन मोड’ ऐवजी आम्ही मागितलं: सर्व्हर भेटला नाही तर शेवटचं आव्हान गेमने स्वतःकडचंच वापरावं, पोशाख मोकळे करावेत आणि पत्ता टाकून थेट जोडता यावं. पहिली गोष्ट एका दिवसाचं काम आहे, असं उत्तर आलं. थेट जोडणीची सोय डेव्हलपरच्या स्वतःच्या चाचणीसाठी होतीच, ती फक्त लपवलेली होती.

पोशाखांवर मात्र खेळाडूंमध्येच जुंपली. मालकीची नोंद सर्व्हरवर असल्याने ऑफलाइन द्यायचे तर सगळ्यांना सगळे द्यावे लागणार होते. ‘मार्व्हल्स अव्हेंजर्स’च्या शेवटच्या अपडेटमध्ये, मार्च २०२३ मध्ये, असंच झालं होतं. ज्यांनी पहिल्या सीझनमध्ये रात्र रात्र जागून सोनेरी चिलखत मिळवलं होतं त्यांना हे झोंबलं. त्यांच्यातला एक म्हणाला, “माझ्याकडे त्या दिवसांची तेवढीच खूण आहे.” आम्ही मधला मार्ग सुचवला: चिलखत सगळ्यांना द्या, पण ज्यांनी कमावलंय त्यांच्या नावापुढे एखादं चिन्ह ठेवा. चिन्हासाठी चित्रकार लागणार होता, तो नव्हता. शेवटी आम्ही सगळ्यांना देण्याच्या बाजूने लिहिलं. बरोबर की चूक, अजूनही मनात स्वच्छ नाही, पण तेव्हाच्या माहितीवर मी पुन्हा तेच लिहीन.

‘किंवा’ हा एक शब्द

हीलरचं प्रकरण सर्वात जास्त शिकवून गेलं, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

आदल्या पॅचमध्ये हीलरच्या औषधाचा जोर जवळपास निम्म्यावर आणला होता. कठीण पातळ्यांवर त्याला कोणी घेईना. खेळाडूंमध्ये दोन तट होते. एक म्हणे, जुने आकडे परत आणा. दुसरा म्हणे, जुना हीलर अतिच होता, मधला काहीतरी आकडा काढा.

आमच्या गटात एकाने फार महत्त्वाचा मुद्दा मांडला. जुन्या आकड्यांवर लोक वर्षभर खेळले होते. त्यांत काय वाकडं आहे ते सगळ्यांना पाठ होतं आणि त्याच्याशी जमवून घ्यायला सगळे शिकले होते. मधला आकडा कागदावर कितीही रास्त दिसला तरी त्यावर कोणी एक तासही खेळलेलं नव्हतं. पुढे पॅच येणार असता तर मधला आकडा घ्यावा. पुढे पॅच नसेल तर ओळखीचा दोष अनोळखी दोषापेक्षा बरा.

हे सगळ्यांना पटलं. आणि तरी, दुसऱ्या तटाला अगदीच डावललं असं वाटू नये म्हणून, शेवटच्या मसुद्यात मी लिहिलं: “हीलरचे आदल्या पॅचपूर्वीचे आकडे परत आणावेत किंवा योग्य तो समतोल साधावा.”

डिझायनरने त्या ‘किंवा’चा उपयोग केला. त्याने मधले आकडे काढले, आणि हीलर अजून थोडा कमी पडेल असं वाटून त्याच्या ढालीची मुदत वाढवली. प्रत्येक बदल एकेकटा समजूतदार होता. पण ढालीची वाढलेली मुदत आणि दुसऱ्या एका क्लासचा जुना पट्टा एकत्र आले की ढाल संपतच नाही. सर्वात कठीण पातळीचा शेवटचा शत्रू, ज्याला हरवल्याच्या रात्री लोक ओरडत उठायचे, तो आता चौघांना ओरखडासुद्धा काढू शकत नाही.

पॅच आल्यावर तीन दिवसांत हे सापडलं. आम्ही कळवलं. कम्युनिटी मॅनेजरनी उत्तर दिलं, की बिल्ड बंद झालेली आहे आणि टीम सुटलेली आहे. उत्तर सभ्य होतं, आणि दुसरं काही ते देऊही शकत नव्हते.

डिझायनरला मी दोष देत नाही. त्याला आम्ही दोन दारं दाखवली आणि त्याने त्यातलं एक निवडलं. आमच्याकडे कारण होतं, चांगलं कारण होतं, आणि ते आम्ही लिहिलंच नाही. मतैक्य दाखवण्याच्या नादात गाळलं.

निकाल

सेव्हचा बग गेला, पूर्ण गेला. पॅचनंतर त्या प्रकारची एकही तक्रार माझ्या कानावर आलेली नाही. हिवाळी धनुष्यासकट सीझनमध्ये अडकलेल्या सगळ्या वस्तू साध्या मोहिमेत मिळू लागल्या. इंटरनेटशिवाय गेम चालतो, आणि पत्ता टाकून मित्राशी थेट जोडता येतं.

विषाच्या वर्तुळाचा रंग बदलला. नुसता रंगच नाही: डिझायनरने दुसऱ्या एका शत्रूच्या वर्तुळाची तुटक कड उचलून विषाला लावली, त्यामुळे रंग न ओळखताही ते ओळखू येतं. नवं चित्र काढायला माणूस नव्हता, म्हणून असलेलंच वापरलं. तीनदा कळवूनही जे झालं नव्हतं ते एका दुपारचं काम निघालं. फरक इतकाच, की या वेळी त्या खेळाडूच्या संदेशाबरोबर आम्ही दोन वर्तुळांची चित्रं त्याला दिसतात तशी करून जोडली होती. लिहिलेली तक्रार तीनदा मागे पडली होती, चित्र मागे पडलं नाही.

भाषांतरातल्या चुका आणि सबटायटलांचा आकार राहून गेला. भाषांतराची यादी आम्ही मेहनतीने केली होती, पण मजकूर गोठवायची तारीख तीन दिवसांपूर्वी उलटली होती. अशी वेगळी तारीख असते हेच आम्हाला माहीत नव्हतं.

सीझन पासची विक्री, ते स्वतंत्र पान पोचल्यावर आठवड्याभरात थांबली. जुन्या ग्राहकांना पैसे परत मिळाले नाहीत. ज्याने पान लिहिलं होतं त्याचं समाधान झालेलं नाही, आणि व्हावं असं मी म्हणणार नाही.

पुढच्या गेमसाठी म्हणून आम्ही तीन पानांची वेगळी टिपणंही पाठवली होती: वेळेचं बंधन असलेली बक्षिसं, आराखड्यात काय कबूल करावं आणि काय नाही, होस्टवर अवलंबून राहण्याचे तोटे. डिझायनरकडून पोच आली, चार ओळींची, पण वाचून लिहिलेली.

वेगळं काय करता आलं असतं

तारखा पहिल्या दिवशी विचारायला हव्या होत्या. पॅच कधी येणार ही एकच तारीख धरून आम्ही चाललो. प्रत्यक्षात मजकूर एका दिवशी बंद होतो, कोड दुसऱ्या दिवशी, आकडे त्याहून उशिरा, आणि सर्व्हरवरची काही मूल्यं तर पॅचनंतरही बदलता येतात. हे कळलं असतं तर भाषांतराची यादी पहिल्या आठवड्यात गेली असती आणि पहिला आठवडा इच्छा गोळा करण्यात गेला नसता.

दुसरं, जुनी बिल्ड मागायला हवी होती. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर डेव्हलपरला जुनी आवृत्ती वेगळ्या शाखेत ठेवता येते, ज्याला हवी तो खेळाडू ती निवडतो. त्यासाठी एक ओळ कोड लिहावा लागत नाही. कन्सोलवर याचा उपयोग नव्हता, पण निम्म्या खेळाडूंना तरी जुना हीलर आणि जुना शेवटचा शत्रू परत मिळाला असता. आमच्या हे लक्षात आलं पॅचनंतर, जेव्हा ते एक बटण दाबायला तिकडे कोणी उरलं नव्हतं. सगळ्या यादीतली ही सर्वात स्वस्त मागणी होती आणि तीच आम्ही केली नाही. मला हीलरपेक्षाही याची हळहळ जास्त वाटते.

तिसरं, जिथे बदल कायमचा होणार आहे तिथे चाचणीची बिल्ड मागायला हवी होती, चार दिवसांसाठी का होईना. तेव्हा भीड पडली. जेवढं मिळतंय त्यात अजून मागू नये असं वाटलं. मधल्या आकड्यांवर आमची माणसं एक शनिवार-रविवार खेळली असती तरी ती न संपणारी ढाल सापडली असती, कारण प्रत्यक्षात ती तीनच दिवसांत सापडली.

आणि मतभेद लपवायला नको होते. ‘खेळाडूंमध्ये दोन मतं आहेत, आमचं मत हे, कारण हे’ असं लिहिलं असतं तर डिझायनरला खरी परिस्थिती कळली असती. गटाची एकी दाखवणारं मोघम वाक्य त्याच्या काही कामाचं नव्हतं.

आता

गेम अजून चालू आहे. लॉबीत पूर्वीपेक्षा कमी नावं असतात, पण असतात. सर्वात कठीण पातळीवर नवं कोणी आलं की होस्ट आधी सांगतो, “इथे हीलर आणि तो पट्टा एकत्र घ्यायचा नाही, ठीक आहे?” बहुतेक जण कारण विचारतात, मग कोणीतरी सांगतं. गेममध्ये हा नियम कुठे लिहिलेला नाही, तो माणसांनी पाळायचा असतो. मागच्या महिन्यात एकाने मुद्दाम मोडला, तेव्हा बाकीच्या तिघांनी मोहीम थांबवली, त्याने पट्टा काढेपर्यंत वाट पाहिली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. होस्ट तोच होता, ज्याला लाल-हिरवा कळत नाही. हल्ली तो हीलर घेतो.